डावा हात

डायलिसिसची सुई टोचायला तिच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवली, तेव्हा सिस्टरने तिच्या नवऱ्याला दम भरला होता. "ही शीर मार लागून फुटली, तर बाई तुमच्या डोळ्यांदेखत रक्त जाऊन मरेल. तुम्ही जाल खडी फोडायला."

त्याआधी त्याने पट्ट्याने तिची पाठ सोलली होती, लेकीचा दात पाडला होता. आता पट्टा उगारला, की ती लेकीला मागे ओढून डावा हात पुढे धरायची. "हात खाली घे," तो गुरगुरायचा, आणि पट्टा भिंतीवर हाणायचा.

मग भावाची किडनी तिला बसवली. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, "आता डायलिसिस नाही. ही शीर बंद करू, हात पहिल्यासारखा दिसेल."

 

"राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली. "घरी लागते."