मोडीतली साक्ष

“मेलेल्या नादाराचे कागद कशाला हवेत तुम्हाला?” कोर्टातल्या कारकुनाने अर्जावरचा स्टॅम्प नखाने खरवडून पाहिला, खोटा निघाला तर बरं अशा आशेने.

“नवरा व्हता माझा. नथानिएल सुतार,” दबोरा म्हणाली. “आन् नादारीचं कागद कुनालाबी बघता येत्यात, वकिलांनी सांगितलंय.”

वकिलाचं नाव निघताच कारकुनाचं तोंड कडू झालं. त्याने आतून गठ्ठा आणून टेबलावर असा आपटला की धूळ सरळ तिच्या तोंडावर उडाली. ती मागे सरली नाही.

स्वराज्य मिळण्याच्या आधीची गोष्ट. नथानिएलचं दुकान बुडालं, कोर्टाने त्याला नादार ठरवलं, तेव्हा सारा तिच्या पोटात होती. भांडीकुंडी, अंथरूण कायद्याने जप्तीतून सोडली. बायकोचं मंगळसूत्रही सोडतात, धर्माचं म्हणून. दबोराचं मात्र बेलिफाने उतरवून नेलं, जिवंत नवरा दारात उभा असताना. नथानिएल त्यानंतर फार जगला नाही. तेव्हापासून ती सावकार हौसरावाच्या नावाने बोटं मोडत आली होती. आणि गेल्या बाजारी हौसरावाच्या बायकोने, सोजराबाईने, तिला भर रस्त्यात ऐकवलं, “आमाला काय शिव्या घालतीस? तुज्याच देवळातल्या मान्सानं साक्ष दिली, तवा काढलं तुजं डोरलं.”

कोर्टात उभं राहून बोलतील असे शिकलेले पुरुष त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा दोन-तीनच होते. त्यातल्याच एकाच्या घरी सारा आता सून म्हणून जाणार होती. पोरीला मुलगा आवडला होता. पाळकसाहेबांनी दोन रविवार देवळात लग्नाचा पुकारा केला होता, कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगावं म्हणून. उद्या तिसरा रविवार, शेवटचा पुकारा. आज सकाळी होणारे व्याही प्रभुदास मास्तर आणि ती निमोण्याहून एकाच एसटीने घोडनदीला, तालुक्याच्या गावी, आले होते. ते सोनाराकडे गेले, ती इकडे.

दबोराने गठ्ठ्याची दोरी सोडली. सगळं मोडीत. मिशनच्या शाळेत ती बाळबोधच शिकली होती.

“वाचून दाखवता का, साहेब?”

“वाचायचा पगार मिळत नाही मला.”

ती एकेक पान उलटत राहिली. एका पानाच्या तळाशी तिचं बोट थांबलं. वर सगळी मोडी, खाली सही मात्र बाळबोधीत. फळ्यावर काढावी तशी गोल, ठसठशीत. साराच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही तिने चौथीपर्यंत पाहिली होती. प्रभुदास.

तिला रडू आलं नाही. संताप आला, असा की टेबलाची कड धरावी लागली.

तेवढ्यात मास्तरच दारात आले, धापा टाकत. “विहीणबाई, इकडे कुठे? स्टँडवर शोधतोय तुम्हाला. सोनाराचं काम झालं.” त्यांनी कोटाच्या खिशावर हात थोपटला. मग त्यांची नजर गठ्ठ्यावर गेली. “जुनं कशाला उकरायचं? चला, गाडी निघेल.”

“निघू द्या. तुमाला मोडी येती, मास्तर. एवढं पान वाचा.”

“चष्मा नाही आणला.”

“नाकावर हाय.”

कारकुनाने मान वर केली.

मास्तर वाचू लागले. “मी शपथेवर सांगतो की... ख्रिस्ती मंडळीचा पंच असून... नादाराची बायको दबोरा ही...” इथे त्यांना खोकला आला. “पुढचं कसरीनं खाल्लंय.”

“कुठाय कसर?” कारकून वाकला. बिनपगारी काम त्याने आता मोठ्या चवीने केलं. “‘आमच्या धर्मात मंगळसूत्राला अर्थ नाही. बायका हौसेने घालतात. ते उतरवून घेण्यास धर्माची हरकत नाही.’ झालं. खाली सही.”

“तवाच्या मिशनच्या गोऱ्या साहेबांची शिकवणच तशी व्हती,” मास्तरांची शुद्ध भाषा सुटली. “आन् शाळेची खोली हौसरावाची. दारात येऊन बसला व्हता तो, साक्ष द्या न्हाईतर खोली सोडा म्हनत. पर खोटं न्हाई बोललो मी.”

“खोटं न्हाई? मग घरी जाऊन प्रेमाबाईंच्या गळ्यातलं का न्हाई उतरवलं?”

प्रेमाबाई मास्तरांची बायको. तिचं डोरलं तेव्हाही गळ्यात होतं आणि आजही होतं. मास्तरांना भलतंच सुचलं. खिशातली गुलाबी कागदाची पुडी काढून त्यांनी उघड्या पानावर ठेवली.

“हे बघा, साराचं. वाट्या जड घेतल्यात. तुमचं जे गेलं ते पोरीच्या गळ्यात...”

“कशाला? आपल्या धर्मात त्याला अर्थ न्हाई ना?”

पुडी न उघडता तिने मास्तरांच्या हातात परत दिली. पानं सारखी केली आणि दोरी घट्ट आवळून गठ्ठा बांधला.

“उद्या पाळकसाहेब इचारत्याल, कुनाची हरकत हाय का. पयल्या बाकावर बसा, मास्तर. प्रेमाबाईंनाबी आना. मी उभी ऱ्हानार हाय.”