सकाळची किटली

बाबा ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला एकटे राहायचे आणि मी दूर दुसऱ्या टोकाला, पर्थला. म्हणून ख्रिसमसला गेले तेव्हा त्यांच्या फोनवर एक एआय मदतनीस बसवायला घेतला. तो प्रत्येक पायरी बाबांना विचारायचा आणि त्यांनी 'हो' दाबलं तरच पुढे जायचा.

फोनला जोडलेली चहाची विजेची किटली सकाळी नऊपर्यंत सुरू झाली नाही, तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. बाबांनी 'हो' दाबलं. शेजारच्या मर्विनकडे घराची किल्ली असते, त्याला लगेच बोलवायचं.

"थांब," बाबा म्हणाले. "मी जरा उशिरा उठलो की हा मर्विन आत घुसणार? मी चड्डीवर असतो गं. आधी मला विचारायचं, मग त्याला."

"बरं बाबा, तुमच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही," मी हसत म्हणाले. मदतनिसाने तशी पायरी घातली. बाबांनी 'हो' दाबलं.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, कचरागाडीच्या दिवशी, बाबांचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर आला नाही, म्हणून मर्विन किल्ली घेऊन आत गेला. फोन बाबांच्या उशाशी चार्जरला लावलेला होता. पडद्यावर संदेश होता:



'किटली सुरू झालेली नाही. मर्विनना बोलावू का? तुमच्या होकाराची वाट पाहत आहे. आज पाचवा दिवस.'