सकाळची गोळी

“वर बघा, जहिदाबाई. छताकडे. पापणी मिटायची नाही हं,” डॉक्टर निकम म्हणाले.

जहिदाने वर बघितलं. वर एक पंखा होता. बघता बघता त्याचे दोन झाले आणि मग तिची डावी पापणी हळूहळू खाली आली. वर्गातली पोरं बाकांवरून पुढे वाकली. मागच्यांनी तर उभं राहून मोबाईल वर धरले.

“दिसली? सगळ्यांना दिसली ना?” डॉक्टरांना कोण आनंद!

खरं तर तिला बोलायला बोलावलं होतं. नाशिकच्या या मेडिकल कॉलेजात आता ‘आजारासोबत जगताना’ असा एक तास असतो. पुस्तकातलं पुस्तकात राहू दे, ज्याला आजार आहे त्याच्याच तोंडून ऐका, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे, तिला कोण नावं ठेवतंय? इतकी वर्षं जहिदा परीक्षेची ‘केस’ म्हणून यायची. खाटेवर पडायचं, डोळे दाखवायचे आणि घरी जायचं. यंदा पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, की तुम्ही सांगा, पोरं ऐकतील. बाई हरखून गेली होती.

मालेगावात ती मुलींना शिवण शिकवते. दिवसभर मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलते. तिचा आजार स्नायूंचा. गोळी वेळेवर पोटात गेली तर ती चारचौघींसारखी बोलते, जेवते, कात्री चालवते. गोळी चुकली की पापणी पडते, घास गिळवत नाही आणि आवाज जातो.

आणि आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. “उद्या सकाळची गोळी घेऊ नका. घेतलीत तर पोरांना दिसणार काय?”

आता बोला! बाईला बोलायला बोलवायचं आणि जिच्या जोरावर ती बोलते ती गोळीच बंद करायची. नवरा मुस्तकीम म्हणाला, “मत सुन उनकी. चुपचाप खा ले गोली.” पण या आजाराचा दुसरा डॉक्टर शोधायचा कुठे? पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? तिने गोळी घेतली नाही. एसटीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. चावताच येत नव्हतं.

“हां, आता सांगा पोरांना, कसं जगता ते,” डॉक्टर खुर्चीत टेकत म्हणाले.

“मी जहिदा. माझं असं हाय, की सकाळी उठल्यावर पहिलं काम…”

पुढच्या वाक्याला आवाज नाकातून यायला लागला. त्याच्या पुढचं कुणाला कळलंच नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिने आणखी जोर लावला, तर शब्द आणखीच फाटले.

“ऐकलंत? बोलता बोलता आवाज खचतो. अगदी पुस्तकातल्यासारखं!” डॉक्टर म्हणाले. पोरांनी भराभर लिहून घेतलं. काय लिहून घेतलं? बाई सांगत होती ते नाही. बाईला सांगता येत नाही, एवढंच.

जहिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पर्स उघडून गोळी काढली.

“अहो थांबा, थांबा! दुसरी बॅच यायचीय अजून. थोडा वेळ काढा हो, तुम्हाला काय, सवय आहे.”

सवय म्हणे! त्यांना कधी स्वतःची थुंकी गिळायची धास्ती वाटली होती?

पहिल्या बाकावरची एक मुलगी, साक्षी, उठली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास घेऊन ती जहिदापाशी आली. “घ्या, काकू.”

“साक्षी, जागेवर बस,” डॉक्टरांनी डोळे वटारले. साक्षी हलली नाही. जहिदाने मान खाली घालून घोट घोट करत गोळी गिळली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण गोळी गेली.

“झालं! आता पुढच्या बॅचला काय दाखवू, माझं कपाळ?” डॉक्टर चिडले. तेवढ्यात दुसरी बॅचही आत येऊन दाटीवाटीने बसली. मग त्यांनी भिंतीवर चित्रं लावली आणि या आजारासोबत कसं जगावं ते स्वतःच सांगत सुटले. जहिदा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती. कमाल आहे की नाही?

साक्षी खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाली, “सॉरी काकू. आज तुम्ही गोळी न घेता येणार, कुणी चुकवू नका, असं सरांकडून कळल्यावर मीच सगळ्यांना सांगितलं होतं.”

जहिदाने मान वळवून भरलेल्या बाकांकडे बघितलं. म्हणजे ही गर्दी ऐकायला नव्हतीच जमली. आणि पाणी देणारी पोरही त्यातलीच! एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं. पण पोरीने निदान कबूल तरी केलं होतं. समोरचा माणूस अजून बोलतच होता.

गोळी हळूहळू लागू पडली. पापणी वर गेली. जहिदा उठून उभी राहिली.

“बाई, आता दाखवण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही निघालात तरी चालेल,” डॉक्टर म्हणाले.

“निघते ना,” ती म्हणाली. आवाज असा खणखणीत, की थेट शेवटच्या बाकापर्यंत गेला. “पण साहेब, पोरांनी चुकीचं लिहून घेतलंय, ते खोडायला सांगा. मी अशी जगत नाय. घरी मी एवढी आजारी नसतेच. एवढी आजारी मी फक्त तुमच्या वर्गात असते.”