जिन्यातली खालची जागा

मालकाने सामान हलवणाऱ्या दोघा भावांच्या कमरेचा एमआरआय करवून घेतला. वर्षभर कंबर धरून चालणाऱ्या थोरल्याचा रिपोर्ट स्वच्छ निघाला. ज्याला कधी साधी उसण भरली नव्हती त्या धाकट्याच्या मात्र मणक्यातल्या दोन गाद्या सरकलेल्या. "फोटोत दिसतं ते दुखतंच असं नाही, दुखतं ते दिसतंच असंही नाही," डॉक्टर म्हणाले. मालकाने ते कानाआड केलं. कपाट जिन्यावरून चढवताना सगळा भार खालच्यावर येतो, आणि ती जागा कायम धाकट्याची. "आजपासून तू खाली. पुरे झाली सोंगं," मालकाने थोरल्याला सुनावलं. रिपोर्ट आल्यापासून थोरल्यालाही स्वतःचा संशय येऊ लागला होता. तो कपाट पेलायचा पट्टा खांद्यावर टाकून खाली गेला. धाकट्याने तो पट्टा उतरवून स्वतःच्या खांद्यावर अडकवला. "दादा, तू वर हो. गाद्या माझ्या सरकल्यात, पण दुखतंय तुला."