दहा मिनिटांचा वर्ग

ब्रेंडन टेबलाखाली शिरला आणि तिथून ओरडला, "मला आईकडे जायचंय."

चाळिशी उलटलेला, सहा फुटी ऑस्ट्रेलियन माणूस. जपानमधल्या एका लहान गावातल्या इंग्रजीच्या शाळेचा तो मुख्य शिक्षक होता, आणि आत्ता सहा वर्षांच्या हट्टी पोराचं सोंग करत होता. मुलाखतीचा तो भागच होता. फिजीच्या राजधानीतल्या, सुवातल्या हॉटेलच्या या खोलीत उमेदवाराने दहा मिनिटं वर्ग घ्यायचा आणि निवड करणाऱ्यांनी मुलं व्हायचं. आता पाळी सेनिमिलीची होती. तिच्या आधी बाहेर आलेल्या मुली कपाळाला हात लावून सांगत होत्या, सगळा वेळ त्याला टेबलाखालून काढण्यातच गेला.

सेनिमिलीने त्याला बाहेर काढलंच नाही. वाकून रंगीत कार्डांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला.

"बरं, बस तिथंच. पण ही सांभाळ. मी मागेन ते कार्ड द्यायचं. चुकलास तर काम दुसऱ्याला देईन."

तवेउनी बेटावर तिने कितीतरी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. टेबलाखाली बसणारी पोरं तिला नवी नव्हती. तिने लाल मागितलं. जरा वेळाने खालून एक केसाळ हात लाल कार्ड घेऊन वर आला.

समोरच्या खुर्च्यांवर आणखी दोन 'मुलं' होती. एक नोझोमी, दुभाषी. दुसरे शाळेचे मालक, हिरामात्सु. सत्तरीचे, सुवाच्या उकाड्यातही कोट घातलेले.

"हा कोणता रंग?" सेनिमिलीने कार्ड उंच धरलं.

"रेड," नोझोमी म्हणाली.

"रेड," हिरामात्सु म्हणाले. पण त्यांचे डोळे कार्डावर नव्हते. नोझोमीच्या ओठांवर होते.

सेनिमिली थबकली. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलणारी पोरं दर वर्षी वर्गात असायची. ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती. ब्रेंडन सोंग करत होता, नोझोमीही. या म्हाताऱ्याला मात्र खरंच येत नव्हतं.

तिने कार्ड खाली ठेवलं. महिनाभर आरशासमोर घोटलेला पाठ तिथंच सोडला आणि पिशवीतून आपला जेवणाचा डबा काढला. डब्यात उकडलेला दालो होता, अळूचा जाडजूड कंद, आणि लिंबाची फोड. दालोचा तुकडा तोंडात टाकून तिने डोळे मिटले. "आय लाइक इट." मग लिंबू चोखलं. सगळा चेहरा गोळा झाला. "आय डोन्ट लाइक इट."

ब्रेंडनने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "पाठात जेवण लिहिलेलं नव्हतं," तो आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला. "आणि वेळ संपत आलाय."

"मग उरलेला सगळा लागेल मला," ती म्हणाली, आणि डबा हिरामात्सुंपुढे धरला.

त्यांनी एक तुकडा उचलला. बराच वेळ चावत राहिले. नोझोमी मदतीला तोंड उघडणार तोच सेनिमिलीने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ब्रेंडन घड्याळाकडे बघू लागला. सेनिमिली वाट बघत उभी राहिली, शेतात बी पेरून माणूस उभा राहतो तशी.

"आय," हिरामात्सु म्हणाले. घाम पुसला. "आय डोन्ट... लाइक इट."

आणि आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन बिचारे लालबुंद झाले.

सेनिमिली पोट धरून हसली. "माझ्या वडिलांनी पिकवलाय तो. पण वाक्य अगदी बिनचूक."

ब्रेंडन गुडघे झटकत उठला आणि खुर्चीत बसला.

"वर्ग चांगला घेतलास. पण एक विचारतो, राग मानू नकोस. तिथल्या पालकांना जन्मापासून इंग्रजी बोलणारा शिक्षक हवा असतो. तुझी ती भाषा नाही. त्यांना काय सांगू मी?"

याच प्रश्नावर याआधी दोन ठिकाणी ती मान खाली घालून बाहेर पडली होती. आज तिने मान वर ठेवली.

"नाहीच माझी. घरात बेटाची बोली, मग शाळेतली फिजियन, मग इंग्रजी. तिसरी आहे ती. त्यांना सांगा, नदीच्या त्या काठावर जन्मलेल्याला नदी कुठून ओलांडायची ते ठाऊक नसतं. मी पाण्यातून चालत गेलेय. पाय कुठं घसरतो ते मला माहीत आहे."

नोझोमीने ते हिरामात्सुंच्या कानात सांगितलं. ते ऐकून घेऊन बराच वेळ जपानीत बोलत राहिले. ब्रेंडनच्या भुवया वर गेल्या.

"ते म्हणतात," नोझोमी जपून बोलू लागली, "आयुष्यभर इंग्रजीची शाळा चालवली, पण तिथल्या पोरांसमोर तोंड उघडायची लाज वाटते. तुम्ही एप्रिलपासून याल का? आणि आलात तर तुमच्या वर्गात बसू द्याल का? अगदी मागे, कोपऱ्यात. कुणाच्या नजरेत येणार नाही असं."

सेनिमिलीने डब्याचं झाकण लावलं. मग नोझोमीकडे न बघता थेट हिरामात्सुंकडे बघून, सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "येईन. पण मागे नाही. माझ्या वर्गात इथं बसायचं. पुढे." आणि आपल्या पायांसमोरची मोकळी फरशी हाताने दाखवली.

नोझोमीने भाषांतराला तोंड उघडलं, तोवर हिरामात्सु उठून आपली खुर्ची उचलत होते.