तबकडीची साक्षीदार

निवृत्त घड्याळजींनी गच्चीवरून उडती तबकडी पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा तबकडी अभ्यास मंडळाच्या बैठकीतलेच लोक गालातल्या गालात हसले. बायकोला राहवलं नाही. ती उभी राहून म्हणाली, "मीपण पाहिली. यांच्या शेजारीच होते मी."

अध्यक्षांनी वही उघडली.

घड्याळजींनी घसा खाकरला. "हिची साक्ष लिहू नका. ही तेव्हा माहेरी होती."

अध्यक्ष त्यांच्याकडे बघतच राहिले. "एकुलता एक साक्षीदार स्वतःहून खोडणारा माणूस थापा कशाला मारेल?" असं म्हणत त्यांनी वहीत 'विश्वासार्ह' असा शेरा मारला.



घरी जाताना बायको म्हणाली, "म्हणजे मी नसताना तुम्ही चार जिने चढलात. तबकडीवर माझा विश्वास आहे हो, तुमच्या गुडघेदुखीवरचा मात्र आज उडाला."