तोचिहाराचा पुकारा

गाडी थांबली. थांबायला नको होती.

तोचिहारा स्टेशन कालपासून बंद झालं होतं. पाटी उतरवलेली, फलाटाच्या तोंडाशी पिवळी दोरी ताणलेली. तरीही एका डब्याची ती डिझेल गाडी नेहमीच्या खुणेवर, वीतभर मागेपुढे न होता, उभी राहिली. दार उघडलं. दोरीखालून वाकून आलेली तोमे आजी हातातलं जेवणाच्या डब्याचं गाठोडं सांभाळत आत चढली.

"अगं बाई! मला वाटलं, मीच तेवढी विसरभोळी," ती चालकाला म्हणाली. "बदली बस आता मंगळवारी नि शुक्रवारी. आज बुधवार. पण पाय कुठले ऐकतात! आले आपले चालत."

चालक इसोझाकीने दार लावलं. त्याने पांढऱ्या हातमोज्यातलं बोट समोर रोखलं, "सिग्नल हिरवा!" असं मोठ्याने पुकारलं आणि गाडी सोडली. डब्यातले सातआठ जण एकमेकांकडे बघून हसले. अडतीस वर्षं याच मार्गावर काढलेला माणूस, शनिवारी निवृत्त होणार. सवय काय एका दिवसात जाते?

चालकाच्या मागच्याच बाकावर बसलेला तेशिमा मात्र स्वतःवर चरफडत होता. निवृत्त गणित शिक्षक. लोक या दरीतला प्रवास डोळ्यांनी करतात, हा कानांनी करायचा. मांडीवर रेकॉर्डर, कानांवर हेडफोन. रुळांचे सांधे, बोगद्याचा घुमारा, आणि सगळ्यात लाडका म्हणजे चालकाचा पुकारा. प्रत्येक स्टेशनाआधी चालकाने बोट रोखून मोठ्याने म्हणायचंच, थांबायचं की पुढे जायचं. डोळे चुकले तरी तोंड चुकू नये म्हणून. इसोझाकीसारखा पुकारा या भागात दुसऱ्या कुणाचा नाही, असं ऐकून तेशिमा चार तासांचा प्रवास करून आला होता. आणि नेमकं तोचिहाराच्या आधी, पुलावर, शेजारच्या बाईने त्याला कोपराने ढोसलं. "अहो, कान कसले झाकून बसलाय? बघा तरी!" खाली बर्फ वितळून नदी हिरवीगार फुगली होती आणि काठच्या आलुबुखाराच्या झाडांना पांढरा बहर आला होता. तेशिमाने हेडफोन काढला, बघितलं, बघतच राहिला. तेवढ्यात पुकारा निसटला आणि गाडी थांबलीसुद्धा. रेकॉर्डर चालू होता, एवढंच काय ते समाधान.

शेवटच्या स्टेशनावर गाडी दीड मिनिट उशिरा पोचली. स्टेशनमास्तर कुगा घड्याळात बघतच उभा होता. भांडं फोडलं ते तोमे आजीने.

"तुमची गाडी थांबली हो तोचिहाराला!" ती कौतुकाने म्हणाली. "नाहीतर शुक्रवारपर्यंत आमचे हे उपाशी. इस्पितळातलं अन्न घशाखाली उतरत नाही त्यांच्या. दुसऱ्या कुणी भरवायला घेतलं की तोंडच मिटून घेतात, हट्टी मेले." आणि गाठोडं छातीशी धरून ती इस्पितळाच्या रस्त्याला लागलीसुद्धा.

कुगाचा चेहरा उतरला. याच इसोझाकीच्या हाताखाली तो काम शिकला होता. "विसरलात ना?" त्याने हळूच विचारलं.

"चूक माझी आहे," इसोझाकी म्हणाला. टोपी हातात, मान खाली.

"अहो, कशी झाली ते विचारतोय मी! विसरला असाल तर नुसती समज देऊन भागेल. शनिवारी फुलं घेऊन मानाने घरी जाल. पण जाणूनबुजून थांबवली असेल, तर मला ती टोपी आत्ताच काढून घ्यावी लागेल. वरचे पहिलं हेच विचारणार मला."

"चूक माझी आहे."

तेशिमाला राहवलं नाही. हा माणूस धड स्वतःची बाजूही मांडत नव्हता. "माझ्याकडे यांचा पुकारा आहे," तो पुढे होऊन म्हणाला. "विसरलेला माणूस जुन्या सवयीने 'तोचिहारा, थांबा' असंच म्हणणार. आत्ता ऐकवतो. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

इसोझाकीने पहिल्यांदाच मान वर केली. रेकॉर्डरकडे बघितलं. मग हातमोजे काढले, त्यांची नीट घडी घातली आणि टोपीत ठेवले.

तेशिमाने हेडफोन लावला. पूल आला. त्या बाईचा आवाज आला. रुळांचे सांधे आले. मग पुकारा आला. त्याने मागे नेऊन तो पुन्हा एकदा ऐकला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता. सख्ख्या भाच्याला एका गुणासाठी नापास केलं होतं, बहीण अजून बोलत नव्हती. फलाटावरून इस्पितळाचा चढ दिसत होता. तोमे आजी मध्येच उभी राहून दम खात होती.

"काय म्हणताहेत?" कुगाने हात पुढे केला. "द्या इकडे, मीही ऐकतो."

"'थांबा' म्हणताहेत. साफ विसरलेत," तेशिमा म्हणाला, आणि हेडफोन काढता काढता त्याचा अंगठा पुसायच्या बटणावर पडला. "अरेरे! गेलं की हो सगळं! आज सगळ्यांना झालंय तरी काय?"

कुगाने सुटकेचा श्वास सोडला आणि कागदावर लिहिलं, 'विसर'. इसोझाकी तेशिमापुढे कमरेत वाकला. वाकला तो बराच वेळ वर येईना. तेशिमाने उगाच घसा खाकरला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

चार तासांचा प्रवास करून मिळालेला पुकारा आता फक्त त्याच्या कानात उरला होता. खणखणीत, एकेक अक्षर सुटं. "तोचिहारा, बंद! न थांबता पुढे!" आणि त्याच्या पाठोपाठ ब्रेकचा आवाज.